रबर काढून स्फेरिकल बेअरिंग? आधी आर्म कसा हलतो ते बघा

प्रश्न असा आहे. गाडी 2005 ची पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. आठवडाभर पुण्यात ऑफिसची ये-जा, रविवारी ताम्हिणी नाहीतर वरंध, आणि वर्षातून एकदोनदा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर. ब्रेक जोरात दाबला की गाडी सरळ जात नाही, कुत्र्यासारखी रस्ता हुंगत कधी डावीकडे, कधी उजवीकडे ओढते. मेकॅनिकने लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला आत गाडीशी धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे, बुश गेल्याचं सांगितलंय (बुश म्हणजे मधे नळी, बाहेर कडं आणि दोघांमध्ये रबर असलेला सांधा). आता विचारताहात की बुश बदलायचेच आहेत तर चारही ठिकाणी स्फेरिकल बेअरिंग (रबराऐवजी कड्यात कलणारा लोखंडी गोळा) घालून "एकदाच कायमचं" काम उरकावं का.

माझं उत्तर: चारही ठिकाणी नको. दोन ठिकाणी घालता येतील, पण पहिल्या फेरीत तेही नकोत. आणि "कायमचं" हा शब्द तर डोक्यातून काढूनच टाका. रबर, पॉलियुरेथेन (रबरापेक्षा कडक प्लास्टिक) आणि स्फेरिकल या तिघांत सगळ्यात जास्त निगा स्फेरिकलच मागतं. रबर बसवून सहा-सात वर्षं विसरून जाता येतं. स्फेरिकल बसवलं की दर पावसाळ्यानंतर गाडीखाली शिरायचं.

आता कारणं. ही गाडी औरंगाबादला शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जायची, पण खालचा सांगाडा फोक्सवॅगनच्या चौथ्या पिढीच्या गोल्फचा आणि पहिल्या ऑडी टीटीचा. हे नातं तुमच्या खिशाच्या दृष्टीने चांगलं आहे, ते पुढे येईल. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा एकत्र उभा खांब, खाली दोन्ही बाजूंना एकेक लोअर आर्म. प्रत्येक आर्मला बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट (चाकाकडचा गोळ्याचा सांधा) आणि आतल्या बाजूला दोन बुश. हे दोन बुश दिसायला भाऊ वाटतात, पण काम अगदी वेगळं करतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

पुढच्या बुशचा बोल्ट आडवा, गाडीच्या लांबीच्या दिशेने आहे. मागच्या बुशचा बोल्ट उभा, खालून वर सबफ्रेममध्ये, म्हणजे गाडीखाली बोल्टने लावलेल्या पत्र्याच्या चौकटीत जातो. मुठीत एक पेन आडवं धरा आणि मूठ तशीच ठेवून दुसऱ्या हाताने पेन त्याच्या जागीच फिरवा. चाक वरखाली झालं की पुढच्या बुशमध्ये हेच होतं, बोल्टभोवती नुसती पीळ बसते. आता तेच पेन उभं धरा आणि त्याचं वरचं टोक डावी-उजवीकडे झुकवा. हा मागचा बुश. तो फिरत नाही, कलतो. आर्मच्या डोळ्यातून उभा बोल्ट गेलाय आणि तो डोळा चाकाबरोबर कलतोय, म्हणजे मधल्या रबराला एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली चेपून घ्यावं लागतं.

किती कलतो? बुशच्या रेषेपासून बॉल जॉइंटपर्यंत आर्म साधारण 330 मिलिमीटर धरा आणि चाक मधल्या जागेपासून 80 मिलिमीटर वर गेलं असं धरा. कोन येतो 13 ते 14 अंश. हा आकडा लक्षात ठेवा, बेअरिंग निवडताना लागणार आहे. टेप घेऊन आपल्या गाडीवर मोजा, माझ्यावर विसंबू नका.

आता ब्रेक. तेराशे-साडेतेराशे किलोची गाडी कोरड्या रस्त्यावर जोरात थांबवताना पुढच्या एकेका चाकाच्या तळाशी ढोबळमानाने चारशे किलोचा ओढा मागे लागतो. चाकाचा तळ बॉल जॉइंटच्याही खाली आणि स्ट्रटचा वरचा टेका खूप वर, त्यामुळे तरफेसारखं होऊन बॉल जॉइंटवर तोच जोर पाचशेच्या वर जातो. आर्मचं बाहेरचं टोक मागे रेटलं जातं, आर्म पुढच्या बुशभोवती फिरू बघतो, आणि मागचा बुश आतल्या बाजूला दाबला जातो. त्याच्यावर येणारा जोर बॉल जॉइंटवरच्या जोरापेक्षा थोडा जास्तच, कारण दोन बुशांमधलं अंतर आर्मच्या लांबीपेक्षा कमी असतं. म्हणजे ब्रेकच्या वेळी गाडी सरळ ठेवण्याची खरी नोकरी या मागच्या बुशची. तो फाटला की बॉल जॉइंट मागे सरकतो. फक्त 5 मिलिमीटर सरकला तरी कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) जवळपास अर्धा अंश घटतो, टो (चाकांचं तोंड आत की बाहेर) बदलतो, आणि दोन्ही बाजूंचे बुश सारखेच फाटलेले नसल्यामुळे दोन चाकं वेगवेगळ्या दिशेला बघू लागतात. तुमची गाडी रस्ता हुंगते ती यामुळे.

इथे कुणी म्हणेल, मग कंपनीने आधीच कडक का नाही दिलं? कारण त्या बुशमध्ये मुद्दाम पोकळ्या ठेवल्या आहेत. गाडीतून काढलेला मागचा बुश हातात घेतलात तर रबरात चंद्रकोरीसारखी दोन भोकं दिसतील. नवखा पोरगा "साहेब, नवाच फाटलेला आलाय" म्हणत तो परत करायला निघतो, माझ्याकडे असं दोनदा झालंय. त्या पोकळ्यांमुळे खड्ड्याच्या कडेवर चाक आदळलं की ते दोन-चार मिलिमीटर मागे जाऊ शकतं. तो दणका रबरात मुरतो, सबफ्रेममध्ये जात नाही. बुश म्हणजे नुसता सांधा नाही, तो चेंगरण्यासाठी ठेवलेला माणूस आहे. त्याला काढलंत तर त्याच्या वाटचा मार दुसरं कुणीतरी खाणार.

काहीही विकत घेण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते ठरवा. गाडी पिटवर चढवा, एक माणूस आत, एक खाली. आतल्याने इंजिन चालू ठेवून पहिला गिअर आणि रिव्हर्स आलटून पालटून, ब्रेक दाबूनच, क्लच किंचित सोडत गाडीला हिसके द्यायचे. खालच्याने अंग बाजूला ठेवून, टॉर्च लावून मागच्या बुशकडे बघायचं. चांगला बुश जेमतेम दबतो. गेलेल्या बुशमध्ये आर्म सरळ सरकताना दिसतो, कधी मधली नळी बाहेरच्या कड्याला टेकताना "टक" ऐकू येतं. मग गाडी बंद करून टामीने (लांब लोखंडी पहारीने) पुढचा बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं एकेक करून बघायची.

आणि या सांगाड्यावर आणखी एक जागा बघायची, ती म्हणजे सबफ्रेमचे बोल्ट. त्यांची भोकं बोल्टपेक्षा मोठी असतात, आणि बोल्टची पकड कमी झाली की अख्खी सबफ्रेम ब्रेकला किंवा वळणाला किंचित सरकते. एक गिऱ्हाईक साताऱ्याहून आलं होतं, आर्म, बॉल जॉइंट, लिंक रॉड सगळं बदलून झालेलं, तरी प्रत्येक सिग्नलला थांबताना एक "खट". सबफ्रेमचे बोल्ट नवीन घालून, आधी टॉर्क आणि मग कोन मोजून कसले, आवाज बंद. ते बोल्ट एकदाच ताणायचे असतात. कसून सोडलेले परत वापरू नका. आर्मच्या बोल्टचंही तेच.

समजा बुशच गेलाय. मग पहिली पायरी स्फेरिकल नाही, टीटीचा मागचा बुश. पहिल्या पिढीच्या ऑडी टीटीला त्याच मापाचा, पण पोकळ्या नसलेला भरीव रबरी बुश आहे, आणि जगभरात गोल्फ-ऑक्टाव्हियावाले वर्षानुवर्षं तोच बसवतात. खड्ड्यात थोडा कडकपणा जाणवतो, एवढंच. ब्रेकला गाडी रुळावर असल्यासारखी थांबते. रबर असल्यामुळे ते कलणं मुकाट सोसतं, पाणी-चिखलाची पर्वा नाही, आणि आवाज नाही. ट्रॅकवर जाणाऱ्यांपैकीही बहुतेकांनी इथेच थांबावं असं माझं मत आहे. हे अर्धवट काम आहे असं कुणाला वाटत असेल तर वाटो, पण मी घाटात आणि ट्रॅकवर दोन्हीकडे या बुशवर गाडी चालवली आहे आणि मला खाली काही कमी पडलं नाही.

बसवताना एक चूक सगळीकडे होते. पुढचा आडवा बोल्ट चाकं लटकत असताना कसायचा नाही. त्या बोल्टने बुशची मधली नळी पकडली जाते आणि रबर त्या कोनात "शून्य" धरतं. चाकं लटकती ठेवून कसलंत तर गाडी खाली उतरवल्याक्षणी रबराला कायमची पीळ बसते आणि वर्षभरात ते फाटतं. लोक कंपनीला शिव्या देतात. बोल्ट हाताने लावा, गाडी रॅम्पवर चारही चाकांवर उभी करा, पुढचा भाग दोनदा दाबून सोडा आणि मगच कसा. मागच्या उभ्या बोल्टला हा नियम तितका लागू नाही, कारण तिथे कलण्याचा कोन बोल्ट ठरवत नाही. तरी सवय म्हणून दोन्ही तसेच कसा.

पॉलियुरेथेनबद्दल थोडक्यात. पुढच्या आडव्या बुशला चालतं, कारण तिथे नळी पॉलीमध्ये फिरते. सिलिकॉन ग्रीस भरपूर लावा आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा लावा, नाहीतर सोसायटीच्या गेटवरच्या स्पीड ब्रेकरवर झोपाळ्यासारखं करकरेल. मागच्या उभ्या बुशला पॉली मी घालत नाही. तिथे फिरायचं नाही, कलायचंय, आणि कडक पॉली कलत नाही. ते अडतं. अडलं की आर्म स्वतःच स्प्रिंगसारखं वागू लागतो, गाडी विनाकारण टणक होते, आणि पुढेमागे एकतर पॉलीची कड चिरडते नाहीतर आर्मच्या डोळ्याजवळ तडा जातो.

म्हणजे गंमत बघा. कडक करायची सगळ्यात जास्त गरज मागच्या बुशला, आणि नुसतं कडक मटेरियल तिथेच चालत नाही. आडव्या दिशेने लोखंडासारखं घट्ट आणि तरी मोकळेपणी कलणारं काहीतरी हवं. ते म्हणजे स्फेरिकल बेअरिंग: बाहेर कडं, आत भोक असलेला गोळा, गोळा कड्यात हवा तसा कलतो पण सरकत नाही. म्हणून तुमची कल्पना चूक नाही. जागा फक्त चारऐवजी दोन, डावा-उजवा मागचा बुश.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा चांगलाच फसलो, तो किस्सा सांगतो. स्वतःचीच गाडी होती. बेअरिंगच्या दुकानात गेलो, काउंटरवर जीई 20 मागितलं, मिळालं: भोक 20, बाहेरचा व्यास 35, गोळ्याची रुंदी 16, कड्याची 12. कॅटलॉगमध्ये बघितलं तर स्थिर भार 146 किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ पंधरा टन. आपल्याला लागतो पाच-सहाशे किलो. म्हटलं, गाडी भंगारात जाईल पण हे हलणार नाही. लेथवाल्याकडून ईएन 8 पोलादाचा कप, म्हणजे बेअरिंग धरणारं गोल घर, करून घेतला, बेअरिंग दाबलं, आर्म चढवला. पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंतच खालून बारीक खडखड. दोन महिन्यांनी जून आला. एका पावसात पाणी शिरलं, गंज धरला, आणि ऑगस्टमध्ये ती गाडी भांड्यांच्या दुकानासारखी वाजत होती.

चूक ताकदीची नव्हती, जातीची होती. ते बेअरिंग पोलादावर पोलाद, ग्रीस भरायचं, जेसीबी आणि हायड्रॉलिक सिलिंडरसाठीचं. त्यात ग्रीसचा थर राहावा म्हणून कारखान्यातूनच फट ठेवलेली असते, 20 च्या भोकाला नेहमीच्या वर्गात 0.04 ते 0.08 मिलिमीटर. वहीच्या कागदाहून कमी. बकेटच्या पिनेला तिचं काही वाटत नाही. पण चाक सेकंदाला दहा-पंधरा वेळा दिशा बदलणारे धक्के देतं, प्रत्येक वेळी गोळा ती फट ओलांडून पलीकडे आदळतो, आणि तो आवाज सबफ्रेममधून थेट तुमच्या पायाशी. शिवाय दुसरी चूक: त्या बेअरिंगचा कलण्याचा कोन 9 अंश. वर मोजलेला आठवतोय? 13-14. मोठ्या खड्ड्यात कप स्पेसरच्या (गोळ्याच्या वर-खाली लावलेल्या नळीच्या) खांद्याला भिडत होता. आर्म वाकला नाही हे नशीब.

त्यामुळे घ्यायचं तर पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनच्या अस्तराचं, रेसिंगसाठी बनवलेलं घ्या. त्यात गोळा आणि कडं यांच्यामध्ये टेफ्लॉनच्या विणीचं पातळ अस्तर चिकटवलेलं असतं आणि फट शून्य. नवीन बेअरिंगचा गोळा बोटाने सहज फिरत नाही, बोल्ट घालून जोर लावावा लागतो. तोच चांगल्या मालाचा पहिला पुरावा. दुकानात नवीन बेअरिंग हलवून "टिकटिक" झाली तर पाकीट बंद करून परत द्या. दुसरं, ते जास्त कोनाचं असावं, 20 अंशांच्या आसपास कलणारं. नाहीतर दोन्ही बाजूंना निमुळते स्पेसर लावून कोन वाढवावा लागतो. स्पेसर गोळ्याच्या भोकात शिरतात आणि मधून गाडीचा मूळचा बोल्ट जातो. स्पेसर आणि गोळा मिळून जी उंची होते ती जुन्या बुशच्या मधल्या नळीएवढीच हवी, कमी नको. बोल्टने हे सगळं एकमेकांवर गच्च आवळलं गेलं पाहिजे. नुसता बोल्ट भोकात अडकवून त्याच्यावर आडवा भार टाकायचा नाही.

कप कसा करायचा हे लेथवाल्याला कागदावर काढून द्या. तोंडी सांगाल तर तो त्याच्या हिशेबाने "एकदम टाइट" करेल. बेअरिंग कपात हलक्या दाबाने गेलं पाहिजे, एक-दोन शतांश मिलिमीटरच्या ताणावर. त्याहून घट्ट झालं तर कडं आवळलं जाऊन गोळा जाम होतो आणि अस्तर लवकर उडतं. कपाला एका बाजूला खांदा आणि दुसऱ्या बाजूला सर्क्लिपची (बेअरिंग अडवणाऱ्या स्प्रिंगच्या कड्याची) खाच हवीच. हे बेअरिंग आडव्या जोराला दणकट असतं, पण बोल्टच्या दिशेने ढकललं तर तुलनेने कमजोर, आणि नुसत्या दाबावर बसवलेलं हळूहळू खाली सरकतं. सर्क्लिपची धारदार कड बाहेरच्या बाजूला. दाबताना प्रेसचा दट्ट्या फक्त बाहेरच्या कड्यावर टेकवा, गोळ्यावर अजिबात नाही. कप आर्मला वेल्ड करणार असाल तर आधी वेल्ड, मग बोअर (आतलं भोक मापात कापणं), आणि बेअरिंग सगळ्यात शेवटी. वेल्डने कप नेहमी थोडा अंडाकृती होतो, म्हणून आधी केलेलं बोअर वाया जातं, आणि उष्णतेने अस्तर जळतं. मी शक्यतो वेल्ड टाळतो.

जुना बुश काढताना गॅसची बत्ती लावून रबर जाळू नका. तो धूर घशात बसतो आणि आर्मही नको तिथे तापतो. मधली नळी ड्रिलने मोकळी करा, मग बाहेरच्या कड्याला हॅक्सॉने आतून एक चीर द्या. आर्मला पातं लागू देऊ नका. चीर पूर्ण झाली की कडं सैल पडतं आणि प्रेसवर दोन झटक्यांत निघतं. डोळा आतून कापडाने पुसा आणि व्हर्नियरने तीन दिशांनी माप घ्या. जुन्या गाडीत तो गोल सापडेल याची खात्री नाही.

पुढचा बुश रबरीच ठेवायला का सांगतो? एक कारण आवाजाचं. दुसरं मात्र मोजमापाचं आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही. आर्मला दोन्हीकडे स्फेरिकल घातलंत की दोन गोळ्यांच्या केंद्रांमधलं अंतर पक्कं झालं. सबफ्रेमवरच्या दोन बोल्टांमधलं अंतरही पक्कं. वीस वर्षं खड्डे खाल्लेल्या पत्र्याच्या सबफ्रेमवर ही दोन अंतरं एक मिलिमीटरच्या आत जुळतील असं धरून चालू नका. रबर तो एक मिलिमीटर पोटात घालतं. बेअरिंग घालत नाही. मग शिकाऊ पोरगा टामीने रेटून बोल्ट बसवतो आणि दोन्ही बेअरिंग पहिल्या दिवसापासून एकमेकांविरुद्ध ओढत राहतात. निव्वळ ट्रॅकच्या गाडीत चारही ठिकाणी बेअरिंग घालतात, पण तिथे पुढच्या सांध्याला शिम (पातळ चकत्या) घालून प्रत्येक बाजू वेगळी जुळवतात. तुमच्या कामात पुढचं रबर ही फट भरून काढेल. ते नवीन मात्र घाला.

फरक काय पडेल? स्टिअरिंग मधोमध असताना जो अर्धा बोटभर ढिलेपणा वाटतो तो जातो. ब्रेक दाबत दाबत वळणात शिरता येतं, हे कात्रजच्या जुन्या घाटात पहिल्या दोन वळणांतच कळतं. गाडी किंचित बसलेली वाटेल, कारण चेपलेलं रबर स्प्रिंगला जी थोडी मदत करत होतं ती कमी झाली. आणि दुसरी बाजू: एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवर टायरची घरघर आता थेट फ्लोअरबोर्डमधून येईल. बायको पहिल्याच फेरीत "गाडीचं काय बिघडलंय?" विचारेल. तिला आधी सांगून ठेवा. कुणी याच्या जोडीला स्ट्रटच्या माथ्यावरही स्फेरिकलची कॅम्बर प्लेट (चाकाचा आत-बाहेर झुकाव बदलणारी पट्टी) सुचवेल, त्याला सध्या नमस्कार करा. रोजच्या गाडीत ती आवाजाच्या बाबतीत आर्मच्या बेअरिंगपेक्षा जास्त छळते.

आवाजापेक्षा मला मार कुठे जातो याची काळजी जास्त. पुण्यात ड्रेनेजची झाकणं रस्त्यापेक्षा चार बोटं खाली आहेत. एरवी रबरात मुरणारा दणका आता सबफ्रेमच्या कानांवर, वेल्डवर आणि बॉल जॉइंटवर जाणार. म्हणून बेअरिंग बसवण्याआधी सबफ्रेम वायर ब्रशने घासून उभ्या बोल्टच्या आजूबाजूला तडे बघा. बारीक तडा गंजाच्या तपकिरी रेघेसारखा दिसतो. तो दिसला तर आधी सबफ्रेम, बाकी सगळं नंतर.

निगा अशी. वर-खाली रबरी बूट असलेलंच घ्या किंवा वेगळे बूट लावा. टेफ्लॉनच्या अस्तराला ग्रीस लावायचं नाही, गंज सोडवायचा स्प्रे तर मुळीच नाही. तेलकटपणावर धूळ बसते आणि तिचं पॉलिश पेपर होतं. कोकणातली लाल माती याबाबतीत सगळ्यात वाईट. प्रेशर वॉशरची धार सांध्यावर थेट मारू देऊ नका. दर पाच हजार किलोमीटरला आणि पावसाळ्यानंतर टामीने आर्म आत-बाहेर रेटून बघा. हाताला "टिक" लागली की बेअरिंग संपलं. ते एकदम तुटत नाही, पण खडखडत चालवत राहिलात तर कपही खराब होतो आणि लेथचं काम पुन्हा करावं लागतं. एक जोड बेअरिंग घरात शिल्लक ठेवा. काम झाल्यावर अलाइनमेंट लगेच, आणि पाचशे किलोमीटरने पुन्हा.

कायद्याचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल यांचा रोख नोंदणीत लिहिलेल्या गोष्टी बदलण्यावर आहे, आणि आरसीवर बुशचा उल्लेख नसतो. पण अपघात झाला आणि सर्व्हेअरला घरगुती कप दिसला तर तो प्रश्न विचारणारच. विमा कंपनीला लेखी कळवून ठेवा आणि लेथवाल्याचं बिल फाइलला लावा.

तेव्हा तुमच्या जागी मी असतो तर आत्ता पुढचे रबरी बुश नवीन, मागे टीटीचे भरीव बुश, सबफ्रेम आणि आर्मचे सगळे बोल्ट नवीन, आणि अलाइनमेंट. एक पावसाळा आणि ट्रॅकची एक फेरी यावर काढायची. कोइम्बतूरहून परत आल्यावरही मागचा बुश दबतोय असं वाटलं, तर बेअरिंगचं बोलू. बुशऐवजी अख्खे आर्मच बदललेत, तर काढलेले जुने आर्म मात्र भंगारात देऊ नका. कपाचं माप त्यांच्यावरच घेता येईल आणि लेथवर काम चालू असताना गाडी जॅकवर अडकून राहणार नाही. बेअरिंग मागवायची वेळ आली तर मला तीन मापं कळवा: आर्मच्या डोळ्याचा आतला व्यास तीन दिशांनी, जुन्या बुशच्या मधल्या नळीची उंची, आणि चाक पूर्ण लटकत असताना व पूर्ण वर दाबलेलं असताना आर्मचा कोन. कोन मोजायला मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप पुरतं, फक्त फोन आर्मच्या सपाट भागावर टेकवा आणि वर दाबताना स्प्रिंग आधी काढून ठेवा.